धाकल्या कॉइलने ऐकलेली चांदी

मी एक जुनी कॉइल आहे, मित्रांनो. लांब दांडीच्या टोकाला जी काळी, गोल तबकडी असते आणि जी जमिनीवरून झाडूसारखी फिरवतात, ती मी. दांडी, पेटी आणि बॅटरी यांना मिळून लोक मेटल डिटेक्टर म्हणतात आणि सगळे श्रेय त्यांना देऊन मोकळे होतात. पण मातीखालचा धातू ऐकते ती मी. पेटी नुसती ओरडते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. तांब्याच्या तारेचे वेढे मोजून घातले, वर राळ ओतली आणि आम्हा तिघी बहिणींना एका खोक्यात बंद केले, एवढेच आठवते. थोरली पंधरा इंचांची, परातीएवढी. मधली अकरा इंचांची. आणि मी सहा इंचांची, म्हणजे चहाच्या बशीएवढी. खोके उघडले ते सुभेदार केरबांनी. सुभेदार मूळचे माण तालुक्यातले. फौजेत त्यांनी वीस वर्षे सुरुंग शोधले. निवृत्त होऊन साताऱ्यात घर बांधले, पण हात स्वस्थ बसेनात, म्हणून त्यांनी आम्हाला आणले. नदीत, तळ्यात, समुद्राच्या वाळूत कुणाचा दागिना हरवला की लोक त्यांना फोन करू लागले.

आमच्यात कोण मोठे हा वाद पहिल्या दिवसापासून होता. थोरली खोल ऐकते, हे मी नाकारत नाही. एकदा कोकणच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत एका नवरदेवाची अंगठी पडली, तेव्हा तिने अर्ध्या तासात सगळा किनारा विंचरून ती काढून दिली. मला दोन दिवस लागले असते. पण त्याच किनाऱ्यावर लाटेच्या ओल्या वाळूत शिरताच बाईसाहेब बरळू लागल्या. खारट पाणी तिच्या कानात जास्त शिरते, कारण तिचे कानच मोठे. शिवाय पाण्यात तिला फिरवायची म्हणजे परात आडवी धरून ओढायची. सुभेदारांचा खांदा रात्रभर ठणकत राहिला. मी पाणी कापत जाते, पण वीतभरापेक्षा खोलचे मला ऐकू येत नाही. आणि आमच्या तिघींचे एक वैगुण्य सारखेच आहे. धातू जवळ आहे एवढे आम्हाला कळते, तो आमच्या खाली आहे की वर आहे हे मात्र कळत नाही. हे लक्षात ठेवा.

माझा मानाचा दिवस वाईच्या घाटावर उगवला. चिंतामणराव नावाचे गृहस्थ सूर्याला अर्घ्य देत होते आणि त्यांच्या बोटातली वडिलांची अंगठी निसटून पाण्यात गेली. घाटाच्या पायऱ्यांशी नाणीच नाणी. येणारा-जाणारा कृष्णामाईला रुपया वाहतो ना! थोरलीला एका वेळी दहा नाणी ऐकू येत आणि त्या दहांचा मिळून एकच कल्ला होई. मला एका वेळी एकच ऐकू येते. नाणे, नाणे, खिळा, नाणे, आणि मग दोन नाण्यांच्या फटीत तो मऊ सूर. अंगठी! चिंतामणरावांनी त्या दिवशी माझ्यावर हळदकुंकू वाहिले. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

पण लोकांना मोठे आवडते. "केवढी तबकडी, सुभेदार!" असे बघ्यांनी म्हटले की सुभेदारांची छाती फुगायची. हळूहळू जिथे तिथे थोरलीच जाऊ लागली. मला सिमेंटच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकले. चार उन्हाळे मी तिथे काढले. पाली अंगावरून जात. खालून थोरलीच्या कौतुकाच्या गोष्टी ऐकू येत. मी रडले नाही, कारण कॉइलला रडता येत नाही, पण मन खट्टू झाले होते हे खरे.

गेल्या मे महिन्यात आष्ट्याहून दोन बायका आल्या. एक बनाबाई, साठी ओलांडलेली, नऊवारी नेसलेली, बारकी आणि काटक. दुसरी तिची मुलगी अनसूया, चाळिशीतली. दोघी एकाच गाडीतून उतरल्या, पण एकमेकींकडे पाहत नव्हत्या. अनसूया आईशी बोलायचे ते सुभेदारांच्या तोंडून बोले. "त्यास्नी म्हणावं, काय ते समदं सांगा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

बनाबाईने सांगितलेली हकीकत मी माळ्यावरून ऐकली.

अनसूयेची जन्मदाती पहिल्या बाळंतपणात गेली. बनाबाई त्या घरात दुसरेपणावर आली, तेव्हा अनसूया सहा महिन्यांची होती. आपल्याकडे अशा दुसऱ्या बायकोच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर पहिलीचे तोंड उठवलेले. तिला रोज आंघोळ घालायची, पहिला घास तिला दाखवायचा, नवे लुगडे आधी तिला लावायचे आणि मग आपण नेसायचे. असे केले की गेलेली बाई घरावर रुसत नाही, अशी समजूत. हा टाक साधा नव्हता. नवऱ्याने मेढ्याच्या सोनाराकडून तो तीनदा मोडून करून घेतला होता, नाक अगदी तिच्या नाकासारखे येईपर्यंत. तिचा फोटो कधी कुणी काढला नव्हता. जगात तिचे तोंड होते ते त्या पत्र्यावर.

दोन वर्षांनी धरण झाले. करंजमुरा गाव पाण्याखाली जाणार म्हणून माणसे आष्ट्याकडे निघाली. निघायच्या दिवशी बनाबाईने तो टाक उंबऱ्याजवळ पुरला आणि नवऱ्याला सांगितले, सामान भरताना गळ्यातून पडला. अनसूया मोठी झाली, विचारू लागली, माझी आई दिसायची कशी? बनाबाई म्हणायची, पडला गं टाक, काय करू? चाळीस वर्षे ती हेच म्हणत राहिली. यंदा गुढीपाडव्याला मात्र तिच्याने राहवले नाही. तिने लेकीला सांगून टाकले की टाक पडला नव्हता, मीच पुरला. त्या दिवसापासून अनसूयेने तिला आये म्हणून हाक मारली नव्हती.

"त्यो घावला पायजे, सुभेदार," बनाबाई म्हणाली. "न्हाईतर ही पोरगी मला तुटली. मला दुसरं कोन हाय?"

सुभेदारांनी थोरलीला उचलले. का कोण जाणे, जाता जाता मलाही पिशवीसकट गाडीत टाकले.

मित्रांनो, बुडालेले गाव तुम्ही पाहिले आहे का? उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते. छपरे नाहीत, भिंती नाहीत. नुसती दगडी जोती, ओळीने. पांढरट चिखल वाळून तडकलेला आणि त्याला माशांचा वास. जांभळीचे एक खोड उभे होते, पानाशिवाय, चाळीस वर्षे मेलेले आणि तरी न पडलेले. गल्ली होती, पण कुत्रे नव्हते. घरे होती, पण धूर नव्हता. बनाबाई चालत गेली ती गल्लीतूनच गेली, मधून आडवी गेली नाही. तिचे घर अगदी खालच्या अंगाला होते आणि अजून गुडघाभर पाण्यात होते. दाराच्या दोन दगडांशी ती थांबली, पाण्याच्या कडेला तिने वहाणा काढल्या आणि उंबरा ओलांडून आत गेली. भिंत कुठेच नव्हती. तरी अनसूया आणि सुभेदारसुद्धा वळसा घालून त्याच दारातून आत शिरले.

"हितंच," बनाबाई म्हणाली. "उंबऱ्याच्या आतल्या अंगाला. यीतभर खाली."

पहिला दिवस थोरलीने खाल्ला. घर मोडताना वासे काढून नेले होते, पण खिळे, बिजागऱ्या, पत्र्याचे तुकडे सगळे तिथेच गाडले गेले होते. थोरलीला ते सगळे एकदम ऐकू येई. पेटी सारखी किंचाळत होती. तिच्या किंचाळण्याने ते मेलेले गाव आणखीच मेलेले वाटत होते. सुभेदारांनी चाळीसेक खिळे काढले, एक विळा काढला, लोखंडी पळी काढली. टाक नाही. वाऱ्याचा मागमूस नव्हता, तरी घराच्या जोत्यातले पाणी मधूनच हलायचे. काठाकाठाने वलये उठायची आणि विरायची.

"मासं असत्याल," सुभेदार म्हणाले. पण त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी थोरलीला उतरवले, पिशवी सोडली आणि माझ्यावरची धूळ बाहीने पुसली. "चूक झाली गड्या," ते मलाच म्हणाल्यासारखे म्हणाले. "हितं खोलीचं काम न्हाई. खिळ्यातनं चांदी निवडायचं काम हाय." चार उन्हाळ्यांनी ते माझ्याशी बोलत होते. मी तेवढ्यावर सगळे विसरले.

पाणी गार होते. मी उंबऱ्याच्या दगडाला घासून फिरू लागले. खिळा. खिळा. बिजागरी. आणि मग दोन खिळ्यांच्या मध्ये एक बारीक, उंच सूर आला, अंधाऱ्या खोलीत कुणी हळूच नाव घ्यावे तसा. चांदी. सुभेदारांचा हात थबकला. त्यांनी मला पुन्हा फिरवले आणि सूर पुन्हा आला.

"चिखूल माज्याकडं टाका," बनाबाई घाईने म्हणाली. ती पाण्याच्या कडेला उकिडवी बसली होती. "फावड्यानं चेपायचा त्यो. मी हातानं चाचपती. दुसऱ्या कुनी हात लावू नगा."

सुभेदारांनी फावड्याने तिथला चिखल उपसला आणि तिच्यापुढे ओतला. तिने डोळे मिटून तो बोटांनी पिंजला. बराच वेळ पिंजला. "न्हाई," ती म्हणाली.

सुभेदारांनी मला खड्ड्यावर धरले. खड्डा गप्प होता. चिखलाच्या ढिगाऱ्यावर धरले, तोही गप्प. त्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि ढिगाऱ्याच्या पलीकडे, बनाबाई बसली होती त्या बाजूला मला सरकवले. आणि सूर आला! तोच, बारीक आणि उंच. बनाबाई चटकन उठून बाजूला झाली. सुभेदारांनी तिथे खणले. काही नाही. त्या जागी आता सूरही नव्हता.

बनाबाई चुलीच्या जागेशी जाऊन पाण्यातच उकिडवी बसली. थोड्या वेळाने सुभेदार शोधत शोधत तिकडे गेले, तर सूर तिथे. तीही जागा खणली. तिथेही काही नाही. मग जात्याच्या जागेशी. मग मागच्या दाराशी. आत्ता आहे आणि आत्ता नाही. मी खोटे बोलत नव्हते, मित्रांनो. मला चांदी ऐकू येत होती, पण ती चालत होती. मातीतली वस्तू माझ्यापुढून अशी कधी चालली नव्हती.

सुभेदारांनी आपल्या खिशातली किल्ली काढून लांब ठेवली. पट्टा काढला. अनसूयेला मोबाईल आणि बांगड्या काढून गाडीत ठेवायला सांगितल्या. "बनाक्का, तुमच्या अंगावर काय?"

"पोत नं मनी कवाच गेलं. मालकासंगं," बनाबाई पाण्याकडे बघत म्हणाली. "मी मोकळीच हाय."

पुन्हा मला फिरवले आणि पुन्हा तेच झाले. सुरुंगांवरून वीस वर्षे चाललेला तो माणूस एक पाऊल मागे सरला. "वीस वर्सांत लोखंड कवा चाललं न्हाई," ते पुटपुटले. "हितं चांदी चालतीया."

अनसूया हे सगळे उंबऱ्याच्या दगडावर उभी राहून पाहत होती. पण ती पळाली नाही. उलट ती एक पाऊल पाण्यात उतरली, हात पुढे केले आणि आत, त्या रिकाम्या घरात, कुणीच नव्हते त्या जागेकडे पाहून म्हणाली, "आये? आये, कुठं हायस गं? भिऊ नगंस. मी अनशी. तुजी अनशी आलीया."

पाण्यावर पुन्हा वलये उठली.

"आये, एकदा तोंड दाव की गं."

ती हाक कुणाला होती हे बनाबाईला कळले. पाडव्यापासून ज्या शब्दासाठी तिचा जीव तळमळत होता, तो शब्द तिच्यासमोर रिकाम्या पाण्याला मिळत होता. ती मागच्या दाराशी बसली होती ती उठली आणि पाणी तुडवत थेट सुभेदारांपुढे आली. तिने माझी दांडी दोन्ही हातांनी धरली आणि मला वर ओढून आपल्या कमरेला लावले.

मी किंचाळले. आयुष्यात एवढ्या मोठ्याने मी कधी ओरडले नव्हते.

"ती कुठं जात न्हाई," बनाबाई म्हणाली. "मीच घिऊन फिरतीया तिला." तिने निऱ्यांच्या वरची कनवटी सोडली आणि काळा पडलेला, रुपयाएवढा एक पत्रा काढून लेकीच्या पुढे धरला. पहिल्याच ढिगाऱ्यात तो तिच्या बोटांना लागला होता. उकिडवी बसली की तिची कमर जमिनीपासून वीतभरावर यायची, आणि मला वर-खाली कळत नाही, हे मी तुम्हाला सांगितलेच आहे.

अनसूयेने टाक झडप घालून घेतला. पदराने पुसला. अंगठ्याने चोळला. पाण्यात धुतला, पुन्हा चोळला. मग उन्हाकडे तिरका धरला. त्यावर डोळे नव्हते, नाक नव्हते, काहीच नव्हते. एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेलेले नुसते ओरखडे होते.

"तोंड कुठं हाय?" तिने विचारले. हे तिने सुभेदारांच्या तोंडून विचारले नाही.

"घासलं मी," बनाबाई म्हणाली. "निघायच्या दिशी, पाट्यावर. नाक जाईस्तवर घासलं आन मग पुरलं. तुजा बा झोपंत तिला हाका मारायचा. सकाळी उठून मी तिला आंगुळ घालायची, तिच्या आदी घास खायाचा न्हाई, तिच्या आदी लुगडं नेसायचं न्हाई. मी बावीस वर्सांची हुते गं. मला वाटलं, तोंडच न्हाई ऱ्हायलं तर त्यो माज्याकडं बघंल. पुरलं हे सांगितलं तुला. घासलं हे सांगाया छाती झाली न्हाई. घावावा असं बी वाटत हुतं आन घावू नये असं बी. घावला, तर लपवला मी."

सुभेदारांनी मान फिरवली. मला पाण्यात टेकवून ते नुसते उभे राहिले. मला वाटले, आता ही मुलगी टाक मुठीत घेऊन चालू लागेल आणि मागे वळूनही पाहणार नाही. बनाबाईलाही तेच वाटले असावे. तिने हात जोडले नाहीत, पाय धरले नाहीत. ती फक्त उभी राहिली, मान खाली घालून.

अनसूया कितीतरी वेळ त्या ओरखड्यांवरून अंगठा फिरवत होती. मग तिने विचारले, "तुला आठवतीया का ती?"

"न आठवाया काय झालं! दोन वर्सं रोज ह्या हातानं न्हाऊ घातलीया. तुजा बा म्हनायचा, हुबेहूब ती. डोळं मिटलं की आजून माज्या अंगठ्याला तिचं नाक लागतं. म्हून तर चाळीस वर्सं झोप न्हाई मला. दुसऱ्या कुनाला ठावं न्हाई आता ते तोंड. तुजा बा गेला, त्यो सोनार गेला. मी एकलीच ऱ्हायली."

अनसूया उंबऱ्याच्या दगडावर बसली. पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत आले होते. तिने बनाबाईचा हात धरून तिला आपल्या शेजारी ओढले आणि खाली बसवले.

"मग सांग," ती म्हणाली. "कपाळापासनं सांग, आये."

बनाबाईने डोळे मिटले. तिचा अंगठा हवेतच फिरू लागला. "कपाळ रुंद," ती म्हणाली. "मदी जरासं दबल्यालं..."

सुभेदारांनी पेटी बंद केली आणि मला खांद्यावर घेऊन ते दारातून बाहेर पडले. पुढचे मला ऐकू आले नाही.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. पाण्यातून आले की मला गोड्या पाण्याने धुवा, उन्हात टाकू नका, आणि माळ्यावर टाकलेल्या धाकल्या वस्तूचेही कधी काम पडते हे विसरू नका. पण त्याहून एक मोठे मागणे आहे. गेलेल्या माणसाचे तोंड ज्या एकाच म्हाताऱ्या माणसाला आठवते, असे कुणी तुमच्या घरात असेल, तर त्याच्यावर कितीही राग असला तरी आज त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. मी पाण्यातून चांदी काढून देईन, चिखलातून सोने काढून देईन. पण ते माणूस गेले की तुम्ही मला कुठेही फिरवा, मी गप्पच राहीन.